ताई, भाऊजी आणि मधला घाट

(पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त माझे "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत. बसमध्ये रेंज नसेल तर वाचून काढा.)

मागे जो आवाज येतोय तो पत्र्यावरच्या पावसाचा आहे. सॉफ्टवेअरने कमी करून बघितला, पण मग माझाच आवाज रोबोटसारखा यायला लागला. म्हणून राहू दिलाय. महाडचा पाऊस आहे, ऐका.

नेहमी आपण नोकरी, इंटरव्ह्यू, पुण्यातली भाडी, लोणेऱ्याच्या हॉस्टेलचे किस्से यावर बोलतो. आज माझ्या ताईबद्दल आणि भाऊजींबद्दल बोलायचंय. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, आठ वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न आहे. ऑटिझम. त्याचं नाव मी घेणार नाही, कारण त्याची परवानगी कशी घ्यायची हे मला अजून कळलेलं नाही. ताई-भाऊजींची घेतली आहे. ताईने हा मजकूर आधी वाचला, दोन ठिकाणी खोडलं, आणि एका ठिकाणी म्हणाली, "हे तू गोड करून लिहिलंयस. होतं तसं सांग." ती जागा पुढे येईल.

ऑटिझम म्हणजे काय, यावर तुम्हाला शेकडो व्हिडिओ सापडतील. मी थोडक्यात सांगतो. मेंदूची वाढच वेगळ्या पद्धतीने झालेली असते, त्यामुळे बोलणं, नजर देणं, दुसऱ्याशी देवाणघेवाण वेगळी चालते. आवाज, स्पर्श, उजेड खूप जास्त किंवा खूप कमी जाणवतो आणि ठरलेला क्रम मोडला की जीव कासावीस होतो. आणि 'तारे जमीन पर'मधला ईशान स्वमग्न नव्हता, त्याला डिस्लेक्सिया होता. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्याकडे आलेला प्रत्येक दुसरा पाहुणा ताईला तो पिक्चर बघायला सांगून गेलाय.

पण आज विषय मुलाचा नाही, त्याच्या आईबापाचा आहे. आमच्या घरात सगळे विचारायचे, "बोलायला लागला का?" त्या दोघांचं कसं चाललंय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं.

भाचा २०१७चा. दीड वर्षाचा असताना आठ-दहा शब्द बोलायचा, मग हळूहळू ते शब्द गेले. हाक मारली तर बघेना. ताईला तेव्हाच शंका आली होती. भाऊजींच्या घरी म्हणाले, "मुलगे उशिराच बोलतात, याचा बाप चौथ्या वर्षी बोलला." आमच्या आईने देवऋषी सुचवला. मग एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "मोबाईल बंद करा आणि आईने जरा लक्ष द्या." ताई नोकरी करत नव्हती. चोवीस तास त्याच्याबरोबर होती. अजून किती लक्ष देणार होती?

आता इथे थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण "आईने लक्ष द्या" हे वाक्य बरंच जुनं आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करून ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला. त्यानंतर तिकडे एक कल्पना फोफावली, की आई थंड असते, मुलाला माया देत नाही, म्हणून मूल असं होतं. अशा आयांना फ्रीजची उपमा दिली जायची! ब्रूनो बेटलहाइम नावाच्या गृहस्थांनी १९६७ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं, आणि ते खूप चाललं. खरं म्हणजे त्याच्या तीन वर्षं आधी, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड यांनी हे खोडून काढलं होतं. रिमलंड मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वतः एका स्वमग्न मुलाचे वडील. पुढे १९७७ मध्ये जुळ्या मुलांचा अभ्यास झाला आणि यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे हे दिसलं. म्हणजे फ्रीजवाली गोष्ट मोडीत निघून पन्नास वर्षं होत आली. आमच्या महाडला ती अजून पोचतेच आहे, फक्त फ्रीजच्या जागी मोबाईल आलाय.

या दोषारोपाचा नवराबायकोवर काय परिणाम होतो, बघा. दोष एकाच माणसाच्या पदरात पडतो आणि दुसऱ्याने काही न बोलणं हेसुद्धा आरोपासारखं ऐकू येतं. भाऊजींनी ताईला कधीच दोष दिला नाही. पण त्यांची आई बोलायची, तेव्हा ते उठून बाहेर जायचे. ताईच्या लेखी ते उठून जाणं म्हणजे सासूला दिलेली संमती. भाऊजी मला नंतर म्हणाले, "मी तिथे थांबलो असतो तर आईला काहीतरी वेडंवाकडं बोलून बसलो असतो." दोन वर्षं दोघं एकाच घटनेचे दोन वेगळे अर्थ घेऊन एका घरात राहत होते.

फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबईला नीट तपासणी झाली आणि नाव मिळालं: ऑटिझम. पुढच्याच महिन्यात लॉकडाऊन. महाडला तेव्हा थेरपी देणारं कोणी नव्हतं, आणि असतं तरी सगळं बंदच होतं. ताईने मोबाईलवर वाचायला सुरुवात केली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. आईबापांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांत गेली. तिला रडून झालं होतं, ती कामाला लागली होती. भाऊजींच्या मनात ते शिरलंच नव्हतं. ते म्हणायचे, "शाळेत गेला की सुधारेल." ताई "ऑटिझम" म्हणायची तेव्हा ते "त्याचा प्रॉब्लेम" म्हणायचे. भाऊजी बिरवाडीच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत आहेत, तीन पाळ्यांची ड्यूटी. त्यांनी ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली. पैसे लागणारच होते, त्यामुळे त्याला कोणी नाव ठेवू शकत नव्हतं. पण घरात यायचं टाळायलाही ओव्हरटाइम फार सोयीचा असतो. हे मी नाही, भाऊजी स्वतः म्हणाले.

आमच्या क्षेत्रात 'ऑन-कॉल' असतं. या आठवड्यात सर्व्हर पडला की फोन तुला, पुढच्या आठवड्यात दुसऱ्याला. आठवडा संपला की हँडओव्हर द्यायचा. ताई तेव्हापासून रोज ऑन-कॉल होती, आणि हँडओव्हर घ्यायला कोणी नव्हतं. अजून एक शब्द आहे आमच्यात, 'बस फॅक्टर'. टीममधली किती माणसं अचानक बसखाली आली तर काम ठप्प होईल, तो आकडा. २०१६ मध्ये सावित्रीचा पूल कोसळून एसटी गाड्या वाहून गेल्या, त्यानंतर आम्ही महाडकर असले विनोद सहज करत नाही, त्यामुळे शब्दाबद्दल माफ करा. पण ताईच्या घरचा तो आकडा एक होता. त्याला कुठल्या वाटीत भात लागतो, मोज्याची शिवण कुठल्या बाजूला हवी, केस कापताना आधी काय सांगायचं, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात.

मी काय केलं? मी इंजिनिअर. मी एक शीट बनवून दिली. वेळ, घटना, कारण, किती मिनिटं रडला. ड्रॉपडाउन वगैरे होते, रंग होते. ताईने चार दिवस भरली. मग म्हणाली, "तू मला अजून एक काम दिलंस रे."

२२ जुलै २०२१. तारीख आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. तळीयेची दरड त्याच दिवशीची. महाडच्या बाजारपेठेत तळमजले बुडाले, लाइट गेली, मोबाईल बंद. मी पुण्यात. दोन दिवस घरच्या कोणाचाच पत्ता नाही. ताई-भाऊजी मुलाला घेऊन वरच्या मजल्यावर होते. तेव्हा तो पार्ले-जी आणि भात सोडून काही खायचा नाही, आणि बिस्किट अख्खंच लागायचं, तुटलेलं हातात दिलं की किंकाळी. अंधार, पाण्याचा आवाज, चिखलाचा वास आणि हा सलग ओरडतोय. शेजारचे पण त्याच मजल्यावर आसऱ्याला आलेले. त्यातल्या एका बाईने विचारलं, "याला गप्प नाही का करता येत?" भाऊजी म्हणाले, "नाही येत." ताई सांगते, त्या दोन शब्दांसाठी तिने त्यांना मागचं बरंच माफ केलं. पाणी उतरल्यावर भाऊजी गुडघाभर चिखलातून गेले आणि मदत वाटणाऱ्यांकडून बिस्किटाचे पुडे आणले. त्यातले न तुटलेले निवडत दोघं बॅटरीच्या उजेडात बसले होते. लग्नानंतर इतकं एकत्र बसून आम्ही काही केलं नव्हतं, असं ताई हसत म्हणते.

मग पुणे. जून २०२२. थेरपी हवी तर शहरात जायला हवं, असं सगळ्यांनीच सांगितलं. स्पीच, ऑक्युपेशनल, स्पेशल एज्युकेटर, आठवड्याला पाच सेशन. महाडहून रोज जाणं अशक्य. भाऊजींची नोकरी बिरवाडीत, आणि त्या नोकरीच्या पैशावरच थेरपी. तेव्हा ताई मुलाला घेऊन वारज्याला एका खोलीत, भाऊजी महाडला. मध्ये वरंध घाट. पावसाळ्यात घाट बंद झाला की माणगावला जाऊन ताम्हिणीने. ड्यूटी सुटून शनिवारी रात्री पोचायचं, रविवारी दुपारी परत.

मला आजच्या भागात खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

तुम्ही नेटवर शोधलंत तर एक आकडा लगेच सापडेल: ऑटिझम असलेल्या मुलांच्या ८० टक्के आईबापांचा घटस्फोट होतो. हा आकडा खोटा आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ब्रायन फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी २००७च्या राष्ट्रीय पाहणीतल्या जवळपास ७८ हजार मुलांची माहिती तपासली. स्वमग्न मुलांपैकी ६४ टक्के मुलं दोन्ही पालकांबरोबर राहत होती, इतर मुलांपैकी ६५ टक्के. म्हणजे फरक नाहीच. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सिगन हार्टली यांचा अभ्यास आला. त्यांना फरक दिसला: स्वमग्न मुलांच्या पालकांत २३.५ टक्के घटस्फोट, तुलनेच्या गटात १३.८. त्यात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट वेगळीच होती. इतर घरांत मूल आठेक वर्षांचं झालं की घटस्फोटाचा धोका कमी होत जातो. या घरांत तो कमी होत नाही, मूल मोठं होऊन तरुण होईपर्यंत तसाच राहतो, कारण कामही कमी होत नाही. त्याच विद्यापीठात मार्शा सेल्ट्झर यांच्या गटाने मोठ्या स्वमग्न मुलांच्या आयांच्या शरीरातलं कॉर्टिसोल मोजलं, म्हणजे ताणाशी संबंधित हार्मोन. ते दिवसभर कमी पातळीवर होतं. वर्षानुवर्षं ताणात राहिलेल्या माणसांत असं दिसतं. बातम्यांनी तेव्हा लढाईवरच्या सैनिकांशी तुलना केली होती.

पण हे सगळं वाचताना मला वाटत राहिलं, की महाडसाठी हा मेट्रिकच चुकीचा आहे. आमच्याकडे घटस्फोट घेतोय कोण? पोलादपूर-महाडच्या खेड्यांत नवरा मुंबईला आणि बायको गावी, हा संसार तर पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. त्यामुळे ताई पुण्याला आणि भाऊजी महाडला, यात कोणाला काही मोडतंय असं दिसलंच नाही. उलट "किती करतात बिचारे मुलासाठी." कागदावर लग्न शाबूत. प्रत्यक्षात महिन्याला चार रविवार.

आणि त्या रविवारी काय व्हायचं? भाऊजी दमून यायचे. मुलगा त्यांच्याकडे जायचा नाही. त्याच्या आठवड्याच्या क्रमात हा माणूस नव्हताच. भाऊजी त्याला जवळ करायला मोबाईल द्यायचे. ताई चिडायची, कारण सोमवारपासून ते सगळं निस्तरायचं तिला. ती म्हणायची, "तुम्ही पाहुणे आहात, पाहुण्यासारखे लाड करून जाता." पाहुणे! स्वतःच्या भाड्याच्या खोलीत.

त्यात दुसऱ्या मुलाचा विषय. दोन्हीकडचे म्हातारे मागे लागलेले, "एक निरोगी मूल होऊ दे, पुढे याला बघेल." न जन्मलेल्या पोरावर आधीच नोकरी लावून ठेवलेली. २०११ मध्ये ओझोनॉफ यांच्या गटाने ६६४ बाळांचा अभ्यास छापला, ज्यांचं मोठं भावंड स्वमग्न होतं. त्यातल्या १८.७ टक्के बाळांनाही पुढे ऑटिझम निघाला. साधारण पाचात एक. ताईने हा आकडा वाचला होता आणि तिला नको होतं. भाऊजींना हवं होतं. मला वाटतं त्यांना मूल हवं होतं त्यापेक्षा "सगळं ठीक आहे" असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. या विषयावर ते बोलत नसत, व्हॉट्सॲपवर भांडत. एकाच खोलीत, पोरगं झोपलेलं, लाइट बंद, दोघांचे मोबाईल चमकतायत.

दिवाळीला मोठं भांडण झालं. भाऊजी बोलून गेले, "तुझं पोरगं तू सांभाळ, मला त्यातलं काही कळत नाही." तुझं. त्यानंतर दोन महिने भाऊजी पुण्याला आले नाहीत. पैसे मात्र एक तारखेला येत होते. त्यांच्या घरून निरोप आला, की ताईने मुलाला घेऊन माहेरीच राहावं, म्हणजे दोघांनाही मोकळं होईल. भाऊजींनी यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

आणि याच काळात मी काय केलं ते सांगतो. माझ्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलीकडचे महाडला घर बघायला येणार होते. आईने ताईला फोन करून सांगितलं, "त्या दिवशी नको येऊस, गर्दी होईल, त्याला त्रास होईल." खरं कारण आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मला विचारलं असतं तर मी नाही म्हणू शकलो असतो. मला विचारलं नाही, आणि मी बरंच झालं म्हणून गप्प बसलो. बायोडाटात "एक बहीण, विवाहित" एवढंच. ते स्थळ पुढे दुसऱ्याच कारणाने फिसकटलं. ताईला शेजारून कळलं. तिने फोन केला, फक्त म्हणाली, "तू पण?" आणि ठेवला.

हिंजवडीहून वारजे फार तर पंधरा-सोळा किलोमीटर. मी महिन्यातून एकदा जायचो, मोमोज घेऊन.

मग ऑक्टोबर २०२३ मध्ये ताईला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स पडल्या, ॲडमिट करावं लागलं. मुलाजवळ मी राहिलो. संध्याकाळी ठीक होता. रात्री अकराला त्याने आईला शोधायला सुरुवात केली. मी लाइट लावला, ते चुकलं. जवळ घेतलं, ते त्याहून चुकलं. तो डोकं भिंतीवर आपटायला लागला. रात्री दोनला मी भाऊजींना फोन केला. ते तिसऱ्या पाळीला होते. पाळी सोडून बाइकवर निघाले, घाटातून, एकटे. सकाळी सातला दारात उभे.

पाच दिवस ते त्याच्याबरोबर एकटे होते. ताई हॉस्पिटलमधून व्हॉइस नोट पाठवायची. अंघोळीत आधी पाय भिजवा, डोक्यावर एकदम पाणी नको. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी त्याला बाल्कनीत न्या. नखं झोपेत कापा. मी मोजले, तेवीस व्हॉइस नोट होते. भाऊजी एका कानात इअरफोन घालून ऐकत आणि तसं तसं करत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "हिला एवढं सगळं माहिती आहे आणि मला कधी सांगितलं नाही." हे ताईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यांनी कधी विचारलं?" मला दोघांचंही खरं वाटलं.

घरात तो आवरेना, म्हणून चौथ्या दिवशी भाऊजी त्याला स्वारगेटला घेऊन गेले. एसटी स्टँडवर! कुठलाही थेरपिस्ट म्हणेल, एवढ्या आवाजात नेऊ नका. महाडच्या छबिन्याच्या ढोलाला हा कान दाबून थरथरलेला पोरगा. पण भाऊजींना आठवलं, की लहानपणी तो गाड्यांच्या पाट्यांकडे बघत राहायचा. ते त्याला लांबच्या कठड्यावर घेऊन बसले आणि येणाऱ्या गाडीची पाटी मोठ्याने वाचायला लागले. भोर. सातारा. बोरिवली. सासवड. तासाभराने भाऊजी दम खायला थांबले, तर पोरगं म्हणालं, "भोर."

सहा वर्षांच्या त्या मुलाचा आम्ही साडेचार वर्षांत ऐकलेला पहिला स्पष्ट शब्द. भोर!

आता ती जागा. मी लिहिलं होतं, "हे ऐकून ताईच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले." ताईने ते खोडलं. ती म्हणाली, "मला राग आला होता. इतका राग, की सलाइनचा हात आपटावासा वाटला. मी दीड वर्ष रोज त्याच्यासमोर बसून चमचा, पाणी, आई, एकेक शब्द हजार वेळा म्हणतेय. आणि हे चार दिवसांसाठी येतात आणि भोर?" आनंद झाला, पण दुसऱ्या दिवशी. आणि हे तिने भाऊजींना तोंडावर सांगितलं. भाऊजी म्हणाले, "तू ते हजार वेळा म्हटलंस म्हणून त्याला माझं एकदा ऐकू आलं." मला वाटलं, बरं बोलले. ताई म्हणते, ते तिला पटलेलं नाही, पण त्यांनी तसं म्हणणं आवडलं.

लगेच सगळं सुरळीत झालं, असं काही समजू नका. ताई बरी झाल्यावर एका रविवारी तिने "माहेरी राहावं"च्या निरोपाबद्दल विचारलंच. भाऊजी म्हणाले, त्यांनी आईला त्याच दिवशी सांगितलं होतं, की हा विषय परत काढला तर मी घर सोडेन. "मग मला का नाही सांगितलंत?" "तुला वाईट वाटेल म्हणून तुझ्यापर्यंत पोचूच दिलं नाही, असं मला वाटत होतं." निरोप पोचून अकरा महिने झाले होते.

एप्रिल २०२४ मध्ये ते तिघं महाडला परत आले. हा निर्णय बरोबर की चूक, यावर दोघांत अजून वाद होतो. आठवड्याची पाच सेशन गेली. आता महिन्यातून एकदा पुण्याला जातात, तिथून घरी करायच्या गोष्टी लिहून आणतात.

घरी आईबापांनीच करायचं, याला थोडासा आधार आहे, आणि तो आपल्याच हायवेवर पुढे, गोव्यात आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेच्या डॉ. गौरी दिवाण आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये गोव्यातल्या अशा कुटुंबांशी सविस्तर बोलून एक अभ्यास छापला. त्यात दिसलं, की ही घरं आधी लोकांपासून तुटत जातात, लग्नकार्यं टाळतात, आणि बऱ्याच काळाने पुन्हा माणसांत येतात. आणि डॉक्टर, शिक्षक, देवाधर्माची माणसं, कोणालाच याची नीट जाण नसते, त्याचा भुर्दंड पैशात आणि मनस्तापात घरच भरतं. मी ते वाचताना आमचंच घर वाचत होतो. नंतर याच मंडळींनी गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून एक प्रयोग केला, २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आला. ६५ मुलं. तज्ज्ञ नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा बैठका घेतल्या. आईबाप आणि मूल खेळतायत त्याचा व्हिडिओ काढायचा, मग तोच त्यांना दाखवायचा: हे बघा, इथे त्याने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून त्याने हात पुढे केला. आईबापांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त पुढाकार घ्यायला लागली. छोटा प्रयोग आहे, जादू नाही. पण विचार करा, अशी दोन प्रशिक्षित माणसं महाड तालुक्यात असती, तर वारज्याची ती खोली घ्यावी लागली असती का?

सरकारी गोष्टी भराभर सांगतो, कारण कोणाला तरी उपयोग होईल. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचं नाव स्वतंत्रपणे आहे, यूडीआयडी कार्ड निघतं. नॅशनल ट्रस्टची 'निरामय' योजना आहे, एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, त्यात थेरपीचा खर्चही बसतो. आयकरात जुन्या पद्धतीने (ओल्ड रेजीम) रिटर्न भरला तर वजावट मिळते. भाऊजींना ही वजावट पाच वर्षं कोणी सांगितली नव्हती. मी, त्यांचा टॅक्स रिटर्न भरणारा मेहुणा, यात धरलेला आहे.

सध्या कसं आहे? भाऊजींनी तिसरी पाळी सोडली, पगार कमी झाला. दुसऱ्या मुलाचा विषय ताईने बंद केलाय, भाऊजींनी केला की नाही हे ते सांगत नाहीत. रात्री मुलाजवळ आळीपाळीने झोपतात, म्हणजे नवराबायको एका खोलीत झोपत नाहीतच. भांडतात, पण आता तोंडाने भांडतात. आणि दर रविवारी चार ते सहा भाऊजी त्याला महाडच्या स्टँडवर नेतात. सुरुवातीला ताई त्या दोन तासांत नुसती बसून राहायची, सहा वाजायची वाट बघत. मग झोपायला लागली. हल्ली महिनाभर झाला, तीही त्यांच्याबरोबर जाते. मी म्हटलं, "अगं, तुझे दोन तास गेले की." म्हणाली, "जाऊ दे, तिथे ह्यांच्याशी बोलता येतं. तो पाट्या वाचतो, आम्ही चहा पितो."

आईने परवा माझा नवीन बायोडाटा काढला. त्यात भाच्याबद्दलची ओळ मी घातली आहे. आईने ती खोडली, मी परत घातली. सध्या स्कोअर दोन-दोन आहे.

बरं, खाली दार वाजलं. तिघं आले वाटतं. पावसात गाड्या लेट असणार, म्हणजे आज "पोलादपूर लेट, पोलादपूर लेट" रात्रीपर्यंत चालेल. मी थांबतो, ताईने जाताना पाणी तापवून ठेवायला सांगितलं होतं आणि मी इथेच बोलत बसलोय. भेटू पुढच्या भागात.